वाढत्या अंगाचा वाईस

छोटं मिलिंग मशीन विकत घेणारा माणूस मशीन निवडायला वर्षभर घालवतो आणि त्यावरचा वाईस पाच मिनिटांत उरकतो. मोटर किती वॅटची, स्पिंडलचा टेपर कुठला, आतले गिअर प्लॅस्टिकचे की धातूचे, याचा तो इतका काथ्याकूट करतो की शेवटी घरातल्या मंडळींनाही टेपरचे नंबर पाठ होतात. वाईसची पाळी आली की मात्र सगळं ज्ञान दोन वाक्यांत आटोपतं. "आणि एक वाईस द्या. जरा मोठाच द्या."

ज्यांचा लोखंडाशी संबंध तव्यापुरताच आहे त्यांच्यासाठी थोडा खुलासा. लेथवर जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, फिरतो आणि टूल फिरत नाही. मिलिंगचं उलटं. इथे कटर फिरतं आणि जॉबने मुकाट बसायचं असतं. त्याला मुकाट बसवण्याचं काम वाईसचं. एक जबडा स्थिर, एक सरकता, मधे स्क्रू आणि बाहेर हँडल. दिसायला काहीच नाही. पण वाईसने पकड सोडली की कटर तुटतं, जॉब उडतो आणि समोर जो उभा असेल त्याला पुढची वीस वर्षं सांगायला किस्सा मिळतो, अर्थात तो सांगण्याच्या अवस्थेत राहिला तर. माझं मत विचाराल तर बऱ्या मशीनवरच्या टुकार वाईसपेक्षा टुकार मशीनवरचा बरा वाईस परवडला. हे मत मी साडूंसमोर मांडलं, तेव्हा त्यांनी फक्त एकच शब्द घेतला. वाईस. बाकीचं वाक्य त्यांनी स्वतःच पूर्ण केलं.

माझे साडू भोसरीच्या एका कारखान्यातून टूलरूमचे फोरमन म्हणून निवृत्त झाले. निवृत्तीच्या पैशातून त्यांनी चिनी बनावटीचं टेबलावर ठेवायचं मिलिंग मशीन घेतलं आणि कोथरूडच्या फ्लॅटच्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत बसवलं. तुळस ग्रिलच्या कोपऱ्यात सरकली आणि वाळत घालायचे कपडे मागच्या खोलीत गेले. मशीनचं वजन साठ किलोच्या आत. टेबल ३९० मिलिमीटर लांब आणि ९० रुंद. ९० मिलिमीटर म्हणजे तळहाताची रुंदी, त्यात अंगठा धरायचा नाही.

आणि या टेबलासाठी साडूंना वाईस हवा होता सहा इंची.

इंची म्हणजे काय, यावर दुकानांतून रोज गोंधळ होतो. वाईसचं माप म्हणजे जबड्याची रुंदी. जबडा उघडतो किती, हे माप वेगळं. सहा इंची वाईसचा जबडा साधारण १५० मिलिमीटर रुंद असतो आणि उघडताना तो त्याहूनही जास्त उघडू शकतो. साडूंना हे अर्थातच माहीत होतं. आयुष्यभर एचएमटीच्या एफएन-टूवर काम करून घेतलेला माणूस. त्या मशीनवर सहा इंची वाईस असायचा, म्हणून घरीही सहा इंची. "माझ्या हाताला सवय आहे हो," ते म्हणाले. हाताला सवय असेल, टेबलाला नव्हती.

मी पुष्कळ निवृत्तांचं निरीक्षण केलं आहे. वाईस मशीनच्या मापाचा घ्यायचा असतो, पण निवृत्त माणूस तो हुद्द्याच्या मापाचा घेतो. ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेला तीन इंची घेतो आणि सुखाने काम करतो. सुपरवायझर चार इंचीखाली उतरत नाही. फोरमनला सहा इंची लागतो, तोही खाली फिरत्या बेससकट. त्यावरचे अधिकारी वाईस घेतच नाहीत. ते सीएनसीबद्दल बोलतात.

खरेदीला आम्ही मुंबईला नागदेवी स्ट्रीटवर गेलो. मशीद स्टेशनला उतरून त्या गल्लीत शिरलं की दोन्ही बाजूंना ड्रिल, बेअरिंग, चक, टॅप, डाय, फायली. तिथे गेल्यावर साडूंची चाल बदलते. कोथरूडच्या भाजी मंडईत पिशवी धरून मागून चालणारा हा माणूस नागदेवीत पुढून चालतो. एका दुकानात त्यांनी तीन-चार वाईस काउंटरवर मांडायला लावले. मग परीक्षा. एकेक वाईस दोन्ही हातांनी उचलायचा, नाकातून "हं" काढायचं आणि ठेवायचा. बोटाच्या पेराने ठोकून कान लावायचा. जो उचलताना जास्त मोठं "हं" निघालं, तो पसंत. बिडाची वस्तू वजनावर चांगली ठरते, असा आपल्याकडे एक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. जड वाईस धक्के गिळतो हे बरोबर, पण त्याच्याखाली ते वजन पेलणारं टेबल लागतं.

दुकानदार भला माणूस. त्याने विचारलं, "काका, टेबल केवढं आहे?"

"टेबलाचं नंतर बघू," साडू म्हणाले.

त्याने चाळीस वर्षांच्या धंद्यात हे उत्तर ऐकलं असणार, कारण तो निमूटपणे सहा इंचीच्या बिलाकडे वळला. मी मधे पडून तीन इंची दाखवायला सांगितला. त्याने तो शोकेसमधून काढून काउंटरवर ठेवला. साडूंनी तो एका हाताने उचलला, आणि एका हाताने उचलता आला हाच त्याचा गुन्हा ठरला. "हा नातवाला होईल," ते म्हणाले. नातू तेव्हा बालवाडीत होता.

डेक्कन क्वीनने परत आलो. पुणे स्टेशनवर हमालाने पिशवी उचलली, पुन्हा खाली ठेवली आणि विचारलं, "काका, आत देव आहे का?"

घरी आल्यावर साडूंनी वाईस स्विव्हल बेससकट टेबलावर चढवला. मी बाल्कनीच्या दारात उभा होतो. लांबून बघणाऱ्याला मशीनवर वाईस बसवलाय की वाईसवर मशीन, हे कळलं नसतं. जबडे टेबलाच्या पुढून-मागून नव्हे, चहूबाजूंनी बाहेर आल्यासारखे दिसत होते. बेसच्या बोल्टांच्या खाचा टेबलाच्या टी-स्लॉटवर येतच नव्हत्या, तेव्हा साडूंनी पट्ट्या कापून आडवे क्लॅम्प लावले. मग वाय अक्षाचं चाक फिरवून टेबल आत घेतलं. अर्ध्या रस्त्यात खट्ट आवाज आला. वाईसची पाठ कॉलमला जाऊन टेकली होती. म्हणजे मशीनचा जो प्रवास कंपनीने छापला होता, त्यातला निम्मा वाईसने आल्या आल्या जप्त केला. पुढच्या बाजूला वाईसचं हँडल वायच्या चाकाच्या डोक्यावर आलं होतं. एक फिरवायला गेलं की दुसरं आडवं. साडू हँडल पाव फेरा फिरवत, काढत, पुन्हा घालत, पाव फेरा. जॉब पकडेपर्यंत चहा निवायचा.

मी माप दाखवणारा बेकरचा डायल गेज घेऊन टेबलाच्या मागच्या कडेला लावला आणि साडूंना वाईस पुढच्या बाजूने जरासा उचलून धरायला सांगितलं. त्यांनी भार घेतला तशी काट्याने चार घरं ओलांडली. सोडला, तसा काटा परत. या मशीनचं टेबल डव्हटेलवर सरकतं आणि डव्हटेलमधली फट जिब पट्टीने मारलेली असते. पुढे लोंबकळणारं तीस-चाळीस किलोचं बीड त्या पट्टीला चोवीस तास खाली ओढत राहिलं, तर टेबल पुढून झुकणार आणि मागून उचलणार. काप सुरू होण्याआधीच माप गेलेलं. डायलपाशी बसून साडू बराच वेळ काही बोलले नाहीत. टूलरूमच्या माणसाशी वाद घालायचा असेल तर तोंडाने घालू नये, डायलने घालावा.

पण सगळ्यात मौज उंचीच्या हिशोबात आली. छोट्या मशीनवर वाईस निवडताना लोक रुंदी बघतात, उंची कोणीच बघत नाही. साडूंच्या मशीनचं स्पिंडल पूर्ण वर नेलं तरी त्याच्या तोंडापासून टेबलापर्यंत अंतर २८० मिलिमीटर. आता खालून मोजा. सहा इंची वाईसचं बूड, म्हणजे जॉब ज्या पृष्ठभागावर बसतो तिथपर्यंतची उंची, ७० ते ७५. त्याखाली फिरता बेस, त्याचे आणखी ३०. झाले १०५. त्यावर २५ मिलिमीटर जाडीचा जॉब, १३०. वरून ड्रिल चक येणार, त्याचे ९० धरा. आणि चकमधून बाहेर आलेलं १० मिलिमीटरचं ड्रिल. ते मुळात १३३ मिलिमीटर लांब असतं, त्यातलं ९५ तरी बाहेर राहतं. बेरीज ३१५. मशीनमध्ये जागा २८०. म्हणजे भोक पाडायला सुरुवात करण्यापूर्वी ड्रिल जॉबमध्ये ३५ मिलिमीटर आधीच शिरलेलं असायला हवं.

साडूंनी ही बेरीज वहीच्या मागच्या पानावर केली, ताळा पाहिला आणि म्हणाले, "आखूड ड्रिलं मिळतात." मिळतात, हे खरं आहे. स्टब ड्रिल म्हणतात. पण वाईस ठेवता यावा म्हणून सगळी ड्रिलं बदलणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो.

या फिरत्या बेसबद्दल थोडं बोललंच पाहिजे, कारण माझं त्याच्याशी जुनं वैर आहे. कडेने अंशांच्या खुणा कोरलेल्या, दोन बोल्ट सैल केले की वाईस हव्या त्या कोनात वळतो. दुकानात तो फिरवून दाखवतात, तेव्हा गिऱ्हाईक हरखतं. घरी आल्यावर तो वर्षातून एकदाही फिरत नाही. उलट उंची खातो आणि ताठपणा घालवतो. जॉब आणि टेबल यांच्यामध्ये जितके सांधे जास्त, तितकी थरथर जास्त, आणि थरथर म्हणजे पृष्ठभागावर लाटा. महाराष्ट्रातल्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये जा, खालच्या फळीवर गंजलेला एक स्विव्हल बेस सापडेल, एक बोल्ट हरवलेला. तो काढून ठेवणारा माणूस शहाणा होता. विकत न घेणारा त्याहून शहाणा.

सहा इंचीचं हे वेड आलं कुठून, याला मोठ्या मशीनांचा इतिहास आहे. अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात ब्रिजपोर्ट गावी रुडॉल्फ बॅनो आणि मॅग्नस वॉलस्ट्रॉम या दोघांनी १९३८ मध्ये उभ्या स्पिंडलचं जे मिलिंग मशीन विकायला काढलं, ते पुढे जगभरच्या टूलरूममध्ये पोचलं. त्याचं टेबल ९ इंच रुंद आणि वजन टनाच्या घरात. त्यावर शोभायचा तो सहा इंची वाईस, आणि मिनियापोलिसच्या कर्ट कंपनीने तो इतका चोख बनवला की सहा इंची म्हणजेच वाईस, असं समीकरण होऊन बसलं. त्या वाईसची खुबी अशी की सरकता जबडा पुढे दाबताना खालीही ओढला जातो, त्यामुळे जॉब आवळताना वर उचलत नाही. त्या तत्त्वावरचे वाईस आता सगळीकडे अँगल-लॉक म्हणून मिळतात. लोकांनी ब्रिजपोर्टकडून ६ हा आकडा उचलला आणि ९ तिथेच ठेवला. ९ वर ६, म्हणजे टेबलाच्या दोन तृतीयांश. हेच प्रमाण ९० मिलिमीटरच्या टेबलाला लावलं तर उत्तर ६० येतं. फार तर ७५ पर्यंत ओढावं.

"पण पुढेमागे मोठा जॉब आला तर?" साडूंचा हुकमी एक्का.

याला उत्तर मी देणार होतो, पण ते आतून आलं. माझ्या मेव्हणीने आयुष्यभर मुलांना गणवेश वाढत्या अंगाचे घेतले. जून महिन्यात बाही कोपराखाली, पुढच्या जूनमध्ये बरोबर. त्या कामातली त्यांची नजर पक्की आहे. कपड्यांची बादली घेऊन त्या बाल्कनीत आल्या, नव्वदच्या टेबलावरच्या दीडशेच्या वाईसकडे बघून त्यांनी विचारलं, "अहो, हे मशीन अजून वाढणार आहे का?"

खरं उत्तर असं की मोठा जॉब वाईसमध्ये धरायचाच नसतो. तो थेट टेबलावर ठेवायचा, टी-नट, स्टड, पायऱ्यांचे ब्लॉक आणि क्लॅम्प लावून आवळायचा. त्यासाठी क्लॅम्पचा पूर्ण संच साडूंकडे होता. मशीनबरोबर घेतलेला. तो माळ्यावर आकाशकंदिलाच्या खोक्याखाली निघाला, प्लॅस्टिकसुद्धा न फाडलेला.

साडूंचा अगदी उलटा पंथही आहे. हे लोक चारशे रुपयांचा ड्रिलिंगचा वाईस आणतात आणि त्यावर मिलिंग करतात. भोक पाडताना जोर वरून खाली येतो, तेव्हा तो वाईस बरा वागतो. मिलिंगमध्ये कटर बाजूने ढकलतं, तिथे त्याचा सरकता जबडा आवळता आवळता वर उचलतो आणि जॉबला बरोबर घेऊन जातो. वाईस घेताना दुकानातच याची परीक्षा करता येते. जॉबच्या, किंवा एखाद्या घासलेल्या पट्टीच्या चार कोपऱ्यांखाली कागदाच्या चार पट्ट्या ठेवायच्या आणि वाईस आवळायचा. मग एकेक पट्टी ओढून बघायची. चारही घट्ट असतील तर वाईस घरी न्या. सरकत्या जबड्याखालची पट्टी सहज सुटून आली, तर कागद खिशात घाला आणि पुढच्या दुकानात जा. आवळल्यावर जॉबवर नायलॉनच्या हातोडीने एक टोला मारायची पद्धत आहे, ती वाईस चांगला असला तरी सोडू नये. टोला बसला की जॉब खालच्या पॅरलल पट्ट्यांवर बसल्याचा आवाज येतो. तो एकदा ओळखीचा झाला की डोळे मिटून कळतो.

शेवटी साडूंच्या मशीनवर काय बसलं, तर ७३ मिलिमीटरचा स्क्रूलेस वाईस. टूलरूममध्ये याला ग्राइंडिंग वाईस म्हणतात. नाव स्क्रूलेस असलं तरी त्याला स्क्रू असतो, फक्त लांब आडवा स्क्रू नसतो. सरकत्या जबड्याच्या पोटात तिरका ॲलन बोल्ट असतो, तो खालच्या आडव्या पिनला धरतो आणि पिन बुडाखालच्या खाचांत अडकते. बोल्ट तिरका असल्यामुळे आवळला की जबडा पुढे आणि खाली, दोन्हीकडे ओढला जातो. कर्टने केलं तेच काम, वेगळ्या वाटेने. बाहेर हँडल नाही, कान नाहीत, लोंबकळणारं काही नाही. दोन्ही बाजूंना लांबच लांब खाच, तिच्यात क्लॅम्प अडकवून टेबलाला धरायचं. बूड ठेंगणं, जबडा शंभर मिलिमीटरपर्यंत उघडतो, आणि सगळ्या बाजू कडक करून ग्राइंड केलेल्या असल्यामुळे आडवा, उभा, कुशीवर कसाही ठेवला तरी काटकोन शाबूत.

तो वैताग देतच नाही असं नाही. जॉबची जाडी बदलली की पिन एका खाचेतून दुसऱ्या खाचेत न्यायची. ती नेताना खात्रीने चुकीच्या खाचेत पडते. ॲलन की सापडत नाही, आणि सापडली तर दुसऱ्या मापाची सापडते. घाईच्या माणसाने हा वाईस घेऊ नये. पण ज्याला पेन्शन आहे, बाल्कनी आहे आणि दुपार आहे, त्याला ही खाच बदलणं म्हणजे वेळ सत्कारणी लावणं. टेबल १६० मिलिमीटर रुंद असेल तर मात्र मी सरळ चार इंची अँगल-लॉक घ्यायला सांगतो, बेस न घेता. त्याहून मोठं, दोनशेच्या पुढचं टेबल असेल तर पाच इंची घ्या, आणि सहा इंची घ्यायचीच हौस असेल तर तिथे घ्या. तिथे तो दिसेलही बरा.

स्क्रूलेस बसवल्यावर साडूंनी डायल लावून स्थिर जबडा सरळ केला. टेबल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकलं आणि काटा जागचा हलला नाही. त्यांनी पुन्हा सरकवलं. मग डायल बिघडला असेल म्हणून बोटाने काटा हलवून पाहिला. त्या दिवशी त्यांनी ॲल्युमिनियमच्या तुकड्याच्या सहाही बाजू मिलिंग केल्या, काटकोन तपासला आणि तो तुकडा जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना बघायला ठेवला. कशासाठी केला, असं विचारल्यावर म्हणाले, "चौकोन आहे."

सहा इंची वाईस स्वयंपाकघराच्या ओट्याखाली गेला. मेव्हणी त्याच्या जबड्यात कापडात बांधलेलं पनीर दाबतात आणि पनीर इतकं घट्ट निघतं की शेजारच्या बाईंनी दुकानाचा पत्ता विचारला. साडूंना हे पाहवत नाही. इतका चांगला वाईस, तीस-पस्तीस किलो बीड, आणि त्याला दूध पिळायला लावलंय. त्यांचं म्हणणं असं की चूक वाईसची नाही. वाईस बरोबरच आहे, मशीन छोटं पडलं. एवढा चांगला वाईस घरात असताना त्याच्या मापाचं मशीन नसावं, ही काही बरी गोष्ट नाही. जुन्या मशीनचा व्यापार करणाऱ्या एकाकडे ब्रिजपोर्टच्या घडणीचं मशीन त्यांनी पाहूनही ठेवलं आहे.

त्यांच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये पाटी आहे. ६ व्यक्ती, ४०८ किलो. परवा गेलो तर साडू त्या पाटीखाली वही घेऊन उभे होते. मोटर वेगळी, हेड वेगळं, रॅम वेगळा, टेबल वेगळं, नी वेगळा, असं सगळं सुटं करून आणलं तर एकेक फेरी ४०८ च्या आत बसते. फक्त कॉलम एकट्याचा किती भरेल, तेवढं कळायचं राहिलं आहे. सोसायटीच्या सेक्रेटरींनी विचारलंच, तर वाईससाठी एक छोटा स्टँड येतोय, एवढंच सांगायचं ठरलं आहे.